पाचगणीच्या वरची हवा

माझी आई पुण्यात शेजाऱ्यांना सांगते, "आमची लेक हॉलंडमध्ये डोंगर विकते." ती थट्टेनं म्हणते, पण त्यात फारशी चूक नाही.

कापेल आन डेन आयसेलमधल्या एका लहानशा प्रवासी कंपनीत मी काम करते. ऑफिसच्या खिडकीतून बांध दिसतो, आणि बांधापलीकडची नदी आमच्या टेबलांपेक्षा उंचावरून वाहते. असं पाण्याच्या पातळीखाली बसून मी डच लोकांना अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात पाठवते. तिथली सगळ्यात सखल जागासुद्धा या देशातल्या सगळ्यात उंच टेकडीच्या तिप्पट उंचीवर आहे. ती टेकडी मला माहीत आहे. मास्ट्रिख्टला शिकत होते तेव्हा एकदा सायकलनं गेले होते. माथ्यावर पोचलं की सगळे जण पॅनकेक खातात आणि परत फिरतात.

विमान आणि हॉटेल हल्ली कोणीही स्वतः बुक करतं. आमच्याकडे लोक येतात ते क्रमासाठी. पहिल्या रात्री कुठे झोपायचं, उंचीवर कोणत्या दिवशी जायचं, कोणता घाट बर्फानं बंद असतो, कोणत्या महिन्यात पाय चिखलात रुततात, हे आम्ही ठरवून देतो. कोलोरॅडोत घाई करणाऱ्याचं डोकं दुखतं, पोट ढवळतं, झोप उडते. म्हणून दिवसा हवं तेवढं चढा, पण झोपायला खाली या, हा आमचा पहिला नियम. दुसरा नियम, उन्हाळ्यात दुपार व्हायच्या आत झाडं असलेल्या उंचीपर्यंत खाली या. तिथे एका उंचीनंतर झाडं संपतात, नुसतं गवत आणि दगड उरतात. दुपारी ढग भरून येतात आणि त्या उघड्या उतारावर सगळ्यात उंच वस्तू आपणच असतो. वीज दुसरं काही शोधत नाही.

हे सगळं मी ग्राहकांना ई-मेलवर फार नीट सांगते. फोनवर तितकं नीट जमत नाही. समोर बसून तर त्याहून कमी. या लेखासाठीसुद्धा इथल्या मराठी मंडळानं ई-मेलवर विचारलं म्हणून मी हो म्हटलं. माझ्या शेजारच्या टेबलावर माझी बॉस मारलीस बसते. ती झेलँडची, पन्नाशीची, आणि तिला न विचारता येणारा प्रश्न अजून जन्माला यायचा आहे. "वजन किती? गुडघे कसे? नवऱ्याशी पटतं ना? कारण गाडीत रोज पाच तास एकत्र बसायचंय." लोक हसतात आणि खरं सांगून टाकतात. मी ऐकत असते आणि शिकत नाही.

डच लोक डोंगरात कसे वागतात, ते मला आता ठाऊक झालं आहे. एका आजोबांनी मला विचारलं होतं, शिखरावर ॲपलटार्ट, म्हणजे इथला सफरचंदाचा केक, कुठे मिळेल. मी लिहिलं, शिखरावर दुकान नाही. त्यांचं उत्तर आलं, मग लोक वर जातात कशाला? परत आल्यावर मात्र त्यांनी फोटो पाठवला. शिखर, वारा, आणि त्यांच्या हातात घरून नेलेल्या डब्यातला ॲपलटार्टचा तुकडा. फ्रीसलँडच्या एक शिक्षिका दोन दिवसांतच डोंगर सोडून पूर्वेकडच्या सपाट गवताळ भागात निघून गेल्या. त्यांनी कळवलं, "डोंगर सुंदर आहेत, पण ते मध्ये येतात. मला लांबचं काही दिसत नव्हतं." त्यांचं मला पटलं. जन्मभर क्षितिज बघितलेल्या माणसाला भिंती सोसत नाहीत.

कंपनीनं मलाही एकदा पाठवलं, सप्टेंबरमध्ये. तिथे ॲस्पेन नावाची पांढऱ्या बुंध्याची झाडं आहेत. त्यांचं पान पिंपळासारखं, वारा नसतानाही हलणारं. सप्टेंबर संपताना अख्खे उतार हळदीसारखे पिवळे होतात. संध्याकाळी सांबराहून मोठी हरणं शीळ घातल्यासारखी ओरडतात. आणि पायवाटेवर एक रीत आहे, तिचं मला अजून कौतुक वाटतं. समोरून कोणी चढत आलं तर उतरणाऱ्यानं बाजूला व्हायचं. चढणाऱ्याची लय मोडायची नाही. बहुतेक वेळा मीच चढत असायचे. लोक झाडाला टेकून उभे राहायचे, हसायचे, काही विचारायचे नाहीत. माझ्यासारखीला याहून चांगलं काय हवं? त्या राज्यात लोक तुमची नोकरी विचारत नाहीत, या शनिवार-रविवारी कुठे गेला होतात, ते विचारतात. नोकरी त्या दोन दिवसांसाठी करायची असते, असं काहीसं.

तर एके दिवशी करमरकर काका आणि काकू आमच्या ऑफिसात आले. माझं नाव त्यांना मंडळात कोणीतरी सांगितलं होतं. ते रायस्वाइकला राहतात, या देशात येऊन त्यांना माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं झाली. काका इंजिनिअर, सगळी नोकरी पाण्याशी: पंप, कालवे, बांध. आता निवृत्त. काकू बारीक, नीटनेटक्या, शाल घेतलेल्या. त्या खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ नुसत्या हसऱ्या चेहऱ्यानं बघत राहिल्या.

"तू मराठी आहेस, बरं झालं," काका म्हणाले. "इथल्या लोकांना सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागतं. आमची लेक मुक्ता लेडव्हिलला असते. नाव ऐकलंयस?"

मी मान डोलावली. लेडव्हिल मी पाहिलं होतं. कोलोरॅडोतलं जुनं खाणीचं गाव, रंगीत लाकडी घरं, चहूकडे बर्फाचे माथे. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या वर. आम्ही तिथे कोणालाही पहिल्या दिवसांत झोपवत नाही.

"सगळे दिवस तिथेच राहायचं," काका म्हणाले. "इकडे तिकडे हिंडायचं नाही. आणि मुक्ताला कळवायचं नाही. ही एकच अट. दार वाजवायचं आणि उभं राहायचं."

"यांच्या बहिणीकडे आम्ही असेच जायचो," काकू म्हणाल्या. "सकाळी सकाळी दारात. तिच्या पोटात गोळाच यायचा."

"आणि हिला हवापालट होईल. इथल्या दमट हवेनं हिची छाती भरून येते. डोंगरावरची कोरडी हवा लागली की बघ कशी टवटवीत होते."

काकूंनी शाल सारखी केली. मी उंचीबद्दल काहीतरी पुटपुटले. काका म्हणाले, "त्याचं काही नाही गं. आम्ही सह्याद्रीतली माणसं."

ते गेल्यावर मारलीसनं खुर्ची वळवली. तिला मराठीचं अक्षर कळत नाही.

"त्या बाईंना श्वासाचं विचारलंस?"

"विचारते. ई-मेल करते."

"श्वास ई-मेलवर दिसत नाही. आत्ता दिसत होता. खुर्चीत बसल्यावर किती वेळ बोलल्या नाहीत, पाहिलंस ना?"

पाहिलं होतं. पण नवऱ्यासमोर, आईच्या वयाच्या बाईला, पहिल्याच भेटीत 'तुम्हाला दम लागतो का' असं विचारायचं? मारलीसला मी हे समजावून सांगू शकले नाही. ती एवढंच म्हणाली, "मग दुसऱ्या भेटीत विचार. पण विचारल्याशिवाय तिकीट नाही." हे ती बॉस म्हणून बोलली, मैत्रीण म्हणून नाही. मला त्याचा आधारच वाटला.

दुसरी भेट काकूंनीच ठरवली. फोन आला, "नकाशा घेऊन घरीच ये. उपमा करते."

रायस्वाइकचं घर इथल्या इतर घरांसारखं, अरुंद आणि उभं. काकू स्वयंपाकघरात होत्या तेव्हा काका माझ्यासमोर बसले आणि आवाज खाली आणून बोलू लागले. मुक्ता डेल्फ्टला शिकलेली इंजिनिअर. एका उन्हाळ्यात कोलोरॅडोला पायवाटा दुरुस्त करणाऱ्या तुकडीत हौसेनं गेली, आणि मग तिथेच त्या कामाला लागली. वर्षातले बर्फ नसलेले महिने ती डोंगरात फावडं आणि पहार घेऊन असते.

"मी तिला एकदाच बोललो. दगडच रचायचे होते तर एवढं शिकलीस कशाला? एकदाच." काका नकाशाकडे बघत होते. "तेव्हापासून माझ्याशी फोनवर हवापाण्याचं बोलते. आता उन्हाळ्याआधी हिनं, नलूनं, विचारलं, येऊ का आम्ही तिकडे? तर म्हणाली, नको, इथे येऊ नका. संपलं. इथे वाढलेली पोरं, तोंडावर बोलतात. माझ्यावरचा राग असेल, तर असू दे. पण आईला नको म्हणायचं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"दारात उभं राहिलो तर नाही म्हणणार आहे का? तू सांग."

तेवढ्यात काकू आल्या. म्हणाल्या, "चल, मुक्ताची खोली दाखवते. वर आहे."

इथले जिने शिडीसारखे असतात. काकू पुढे, मी मागे. जिन्याच्या भिंतीवर फोटो लावलेले होते. चार पायऱ्या चढून काकू पहिल्या फोटोपाशी थांबल्या. मुक्ता, बालवाडीत, पुढचे दात नसलेली. काकू फोटोकडे बघत राहिल्या, मग थोड्या वेळानं त्याची गोष्ट सांगितली. आणखी चार पायऱ्या, दुसरा फोटो. पुन्हा आधी शांतता, मग गोष्ट. तिसऱ्या फोटोपाशी मला कळलं की शांतता फोटोसाठी नाही. त्यांचा हात कठड्यावर पांढरा पडला होता आणि शालीखालचे खांदे वर-खाली होत होते. मी एक पायरी खाली तशीच उभी राहिले. तिसऱ्या फोटोची गोष्ट त्यांनी सांगितली नाही. मीही विचारली नाही.

"हाउसआर्ट काय म्हणतात?" मी हळूच विचारलं. हाउसआर्ट म्हणजे आपले नेहमीचे डॉक्टर.

काकूंनी वळून माझ्याकडे बघितलं. "फुफ्फुसांच्या डॉक्टरकडे पाठवलंय त्यांनी. श्वासाचा पंप ओढते दोन वेळा. यांना वाटतं खोकल्याचं औषध आहे."

खाली आल्यावर मी नकाशा पसरला. बोलायचं तर आत्ताच, हे मला कळत होतं.

"काका, लेडव्हिलला काकूंना नाही नेता येणार."

"का?"

"वर हवा विरळ असते. आपण श्वास तेवढाच घेतो, पण त्यातून मिळतं कमी. धडधाकट माणसालाही पहिले दिवस जड जातात."

"अगं, तू लहान आहेस म्हणून तुला माहीत नाही. आमच्या मावशीची छाती खराब झाली होती. पाचगणीला नेऊन ठेवली. सहा महिन्यांत ठणठणीत. छातीच्या माणसाला डोंगरच मानवतो."

"आमच्या ऑफिसातही असंच म्हणतात," मी म्हटलं. "इथले लोक पूर्वी दमेकऱ्यांना स्वित्झर्लंडला पाठवायचे. पण ते..."

"तेच म्हणतोय मी."

"काका, पाचगणी डेन्व्हरपेक्षा खाली आहे."

"म्हणजे?"

"डेन्व्हर म्हणजे तिथलं विमान उतरतं ते शहर. तिथले लोक त्याला सपाटी म्हणतात. डोंगर त्याच्यानंतर सुरू होतात. आपली पाचगणी त्या सपाटीच्याही खाली आहे. मुक्ता राहते ती जागा पाचगणीच्या दुपटीहून उंच आहे."

काकांनी आयुष्यभर पाण्याच्या पातळ्या मोजल्या होत्या. आकडे त्यांना पुन्हा सांगावे लागले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि नकाशावरची लेडव्हिलची उंची स्वतः वाचली.

"नलू, तुला हे माहीत होतं?"

"होतं," काकू म्हणाल्या.

"कधीपासून?"

"ती नको म्हणाली तेव्हाच. माझ्या फुफ्फुसांचं तिला सांगितलंय मी. उंचीमुळेच नको म्हणाली ती. दुसरं काही नाही तिच्या मनात."

"आणि मला सांगितलं नाहीस? इतके दिवस मी समजतोय की तिला आपण नकोसे झालोत."

"सांगितलं असतं तर तुम्ही तिकिटं काढायला निघाला असता का? रागावलात म्हणून तर निघालात."

मला वाटलं मी उठून जावं. पण नकाशा काकांच्या हाताखाली होता.

"तू तिथे जाऊन करणार काय होतीस?" काकांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"बघणार होते. कशी राहते, काय खाते. तिथे म्हणे पाणी लवकर उकळतं आणि डाळ शिजत नाही. वरण कसं करते ते बघणार होते. एकदा बघून झालं असतं, मग माझं काय व्हायचं ते होवो."

"काय व्हायचं ते होवो," काका म्हणाले. "छान. आणि मी काय करायचं होतं तिथे?"

काकूंनी उपम्याची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

मी जमेल तेवढ्या धीरानं म्हटलं, "मला दोन दिवस द्या. मी काहीतरी शोधते. पण मुक्ताला सांगावं लागेल. न सांगता नाही होणार."

मारलीसला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सोपं आहे. मुलगी डेन्व्हरला खाली येईल." सोपं होतंच. पण काकूंना मुक्ता जिथे असते ते बघायचं होतं, आणि डेन्व्हरमधलं हॉटेल म्हणजे ते नव्हे. मी कितीतरी वेळ नकाशा बघत बसले. आमच्या कामात शेवटी हेच असतं, कोणीतरी नकाशाकडे इतरांपेक्षा जास्त वेळ बघायचं असतं. आर्कान्सा नावाची नदी लेडव्हिलच्या वर, बर्फात उगम पावते. घळीतून उड्या मारत खाली येते आणि प्वेब्लो नावाच्या गावाजवळ सपाटीला लागते. प्वेब्लो पोलादाच्या कारखान्याचं साधं गाव, आमच्या माहितीपुस्तकात त्याला दोन ओळी आहेत. उंची पाचगणीपेक्षा थोडीच जास्त. काकूंना डोंगरावर नेता येत नव्हतं. पण मुक्ताच्या डोंगरावरचं पाणी रोज तिथे खाली येत होतं.

मी हे काकांना फोनवर सांगितलं. ई-मेल केली नाही. ते म्हणाले, "उगम ते सपाटी. किती अंतर?" मी सांगितलं. "चालेल," ते म्हणाले.

मुक्ताला फोन त्यांनी मी तिथे असताना लावला. बहुधा मी असले की दोघांना एकमेकांवर चिडता येणार नाही म्हणून. पडद्यावर उन्हानं रापलेली, आखूड केसांची मुलगी दिसली. मुक्ता डचमध्ये बोलत होती, काका मराठीत. त्या घरात ते नेहमीचंच असावं.

"आई बसली आहे का?" तिनं पहिल्यांदा हेच विचारलं.

"बसली आहे. आम्ही न सांगता तुझ्या दारात येणार होतो."

"कुठल्या दारात? मी आठवडा आठवडा वर तंबूत असते, बाबा. दार वाजवत बसला असतात. आणि आईला तिथे..." ती थांबली. मग पुन्हा तेच म्हणाली, "आईला तिथे, बाबा."

"कळलंय मला आता. ही मुलगी आली आहे ना, हिनं पाचगणी काढली."

"काय काढलं?"

"सांगेन नंतर. तू नको म्हणालीस, मला वाटलं माझ्यामुळे."

मुक्ता बघत राहिली. "तुमचा राग आला होता," ती म्हणाली. "पण म्हणून आईला नाही कशाला म्हणीन?"

"तेच मी म्हणत होतो," काका म्हणाले. काकू तोंडावर शालीचं टोक धरून हसत होत्या.

फुफ्फुसांच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. विमानात आणि तिथेही जवळ ठेवायला ऑक्सिजनचं लहान यंत्र द्यायचं ठरलं. डेन्व्हरच्या उंचीपर्यंत हरकत नाही, त्याच्यावर एक पाऊलही नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि काकांनी ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. ऑक्टोबर ठरला. तोवर वरच्या वाटांवर बर्फ पडू लागतं आणि पायवाटांच्या तुकड्या खालच्या कामांवर येतात. मुक्ताची तुकडी तेव्हा प्वेब्लोच्या जवळच्या टेकड्यांवर एक वाट दुरुस्त करणार होती. हे मला आधी माहीत नव्हतं, तिनंच सांगितलं. आमच्या धंद्यात अशा योगायोगाचं श्रेय आम्ही गुपचूप घेतो.

ते तिथे असताना मी रोज हवामान बघायचे. कोणी मागितलं नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी काकांचा फोन आला, नदीकाठावरून. वारा ऐकू येत होता.

"कॉटनवूडची झाडं आहेत इथे, पिवळी झालेली. नलू पाण्यात पाय सोडून बसली आहे. मुक्ताला विचारते, हे पाणी तुझ्या घराजवळून आलं का? ती म्हणाली, घराजवळून नाही, घराच्या वरून. आता दोघी त्यावर बोलतायत. अर्धं डच, अर्धं मराठी. मी इकडे येऊन उभा राहिलोय."

"काकूंचा श्वास कसा आहे?"

"यंत्र शेजारी आहे. मधूनमधून लावते. तू विचारतेस, बरं वाटतं."

मग ते मुक्ताच्या कामाबद्दल बोलू लागले. ती पायवाटेवर दगड आडवे बसवते, सरळ नाही, तिरके, म्हणजे पावसाचं पाणी वाटेवरून धावत न जाता कडेला उतरतं. नाहीतर दोन पावसाळ्यांत वाटेचा ओढा होतो. "मी तिला विचारलं, किती तिरका? म्हणाली, पाणी ओतून बघायचं. बाटलीतलं पाणी ओतलं तिनं. पाणी आलं, दगडाला लागलं आणि बाजूला गेलं. मी जन्मभर हेच केलं गं. पंपानं, काँक्रीटनं. ती पहारीनं करते."

"तुम्ही तिला हे सांगितलंत?"

"मी म्हटलं, डावीकडचा दगड जरा हलतोय. खरंच हलत होता. तिनं काढून पुन्हा बसवला. मला पहार धरायला दिली." मग ते म्हणाले, "कळलं असेल तिला."

काकूंच्या आग्रहावरून एक दिवस काका एकटेच मुक्ताबरोबर लेडव्हिलला जाऊन आले. जाताना काकूंनी त्यांना बजावलं होतं, "नीट बघून या. 'चांगलं आहे' एवढंच सांगू नका मला." काका एरवी तेवढंच सांगणारे. त्या संध्याकाळी ते म्हणे जेवण होईपर्यंत बोलत होते. दोन खोल्या, जाड पडदे, खिडकीतून दोन मोठे डोंगर, दाराशी चिखलाचे बूट, ओट्यावर आईनं दिलेला कुकर. वरण कुकरमध्येच होतं, पण नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. जिना चढताना त्यांनाही दोनदा थांबावं लागलं. हे त्यांनी मला फोनवर सांगितलं आणि पुढे म्हणाले, "मग नलूचं काय झालं असतं, ते मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. नकाशावर नव्हतं कळलं."

काकूंनी मुक्ताचं घर पाहिलं नाही, याची मला अजून चुटपुट आहे. चांगल्या आखणीतही काहीतरी राहून जातं. ग्राहक ते विसरतात, आम्ही विसरत नाही.

परत आल्यावर दोघं ऑफिसात आले. मारलीसनं काकूंना कॉफी दिली आणि अर्थातच विचारलं, "श्वास कसा आहे?" काकूंनी डचमध्ये सरळ उत्तर दिलं, "वाईट. पण समुद्राजवळ बरा असतो." मारलीसनं मान डोलावली आणि त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसली. मला हे चार महिने जमलं नव्हतं.

मी विचारलं, "पुढच्या वर्षी पुन्हा प्वेब्लो?"

"नाही," काकू म्हणाल्या. "मुक्ता म्हणाली, तुझा खाली जेवढा श्वास पुरतोय तेवढा जपून ठेव. यापुढे मी येते. तिथे बर्फ पडलं की तिचं काम तसंही बंद असतं. त्या महिन्यांत इथे राहणार आहे."

"तिला सांगितलं मी, नीट विचार कर," काका म्हणाले. "थंडीत इथे काही नसतं. पाऊस, अंधार, वारा."

"त्यावर ती काय म्हणाली?"

"म्हणाली, आई असते."

मुक्तानं डिसेंबरचं तिकीट स्वतःच काढलं आणि मला कळवलं, सवयीनं असेल, काही सूचना आहेत का म्हणून. कोलोरॅडोला जाणाऱ्या प्रत्येकाला मी मोठी ई-मेल पाठवते. पहिल्या दिवशी धावपळ नको, भरपूर पाणी प्या, हळू चढा, डोकं दुखलं तर खाली या. ती उघडून मी थोडा वेळ बघत बसले. खाली येणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. मी सगळं पुसलं आणि एवढंच लिहिलं: बाबा विमानतळावर येतील. विमान उशिरा असलं तरी ते वेळेच्या बरेच आधी येऊन उभे असतील. त्यांना तिथून हलवू नकोस, फोनही करू नकोस. दारातून बाहेर ये आणि उभी राहा.